गोरेगाव ईस्ट

प्रवासात कुणी गाव विचारलं आणि मी "गोरेगाव" म्हणालो, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ईस्ट की वेस्ट?"

मग मी समजावतो. बाबा, आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं. तालुक्याचं ठिकाण आहे. एक गोरेगाव रायगडात आहे, एक हिंगोलीत आहे आणि तुमच्या गोरेगावात फिल्मसिटी आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. पण गोंदियाहून कोहमाऱ्याकडे निघालं की वाटेत लागतं ते आमचं. समोरचा जरा विचार करतो आणि दुसरा ठरलेला प्रश्न काढतो, "म्हणजे नागझिऱ्याजवळ? वाघ येतो का हो घरापर्यंत?"

वाघाबद्दल माझी काही तक्रार नाही. पन्नास वर्षांत त्याने माझ्या अंगाला नख लावलेलं नाही. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, त्याची हद्द आखली गेली, पुढे बफरही आलं. गांधीलमाशीची हद्द मात्र कुणीच आखलेली नाही. तिचं गाभा क्षेत्र म्हणजे आमची सपरी, आणि बफर म्हणजे उरलेलं घर.

घर अर्धं कवेलूचं, अर्धं स्लॅबचं. वडिलांनी कवेलूचं बांधलं, मी स्लॅब जोडला. पुढे सपरी, मागे सांदवाडी, बाजूला बैलांचा कोठा. बैल गेले, आता तिथे मोटरसायकल आणि आठ महिने कूलर राहतो. थोडक्यात, सावली, आडोसा आणि वर्षातून एकदाच झाडझूड. गांधीलमाशीने घराची जाहिरात दिली असती तर तिने याहून वेगळं काही मागितलं नसतं. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड, त्यामुळे आमच्याकडे कुणी तिला गांधीलमाशी म्हणतं, कुणी ततैया. चावल्यावर ओरडतात ते मात्र सगळे एकाच भाषेत.

आता कूलरचं सांगतो. विदर्भात होळी झाली की कूलर काढतात. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा साळा कूलर काढायला कोठ्यात गेलो. तो पुढून, मी मागून. कूलर उचलून आम्ही उंबऱ्यापर्यंत आलो आणि माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, पंख्याच्या जाळीच्या आत, एक पोळं दिसलं. राखी रंगाचं, तळहाताएवढं, एका बारीक देठावर उलट्या छत्रीसारखं लटकलेलं. त्यावर पंधरा-वीस तांबूस, सडपातळ बाया. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. पंख उभारलेले. मोर्चा निघायच्या आधी चौकात असते ना, तशी शांतता.

"ठेव!" मी ओरडलो.

"कुठं ठेवू जी भाऊजी?" साळ्याने विचारलं. त्याच्या बाजूने काहीच दिसत नव्हतं.

परशुराम मांडीवर डोकं ठेवून झोपले होते, म्हणून भुंग्याने मांडी पोखरली तरी कर्ण हलला नाही, ही गोष्ट मला शाळेत फार आवडायची. त्या दिवशी कळलं की कर्णाच्या हातात कूलर नव्हता. पहिली भुवईवर बसली, दुसरी कानाच्या पाळीवर, तिसरीने बनियनच्या आत जायचा रस्ता शोधला. मी कूलर सोडला. तो साळ्याच्या पायावर पडला. साळा "माय वो!" म्हणून जो नाचला, त्यावरून गल्लीतल्या लोकांना वाटलं की चावली ती त्यालाच. पुढचा अर्धा तास सगळे त्याच्यावरच उपचार करत होते आणि मी एका डोळ्याने बघत होतो. दुसरा तोवर मिटला होता.

माझी पाळी आली तेव्हा काकाजींनी खिशातून चुन्याची डबी काढली. आमच्या भागात कुणालाही कधीही गांधीलमाशी चावो, चुना हातभर अंतरावर मिळतोच. खर्ऱ्याची तेवढी पुण्याई आहे. चुन्यावर कुणीतरी कांदा चोळला. "लोखंड घासा, लोखंड," असं म्हणत एका काकींनी विळा आणला. तो पाहून मी माघार घेतली. आईने हळद लावली. भुवईवर चुना, त्यावर कांदा, त्यावर हळद. फोडणी तेवढी राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तो सगळा स्वयंपाक धुवायला लावला आणि बर्फ धरायला सांगितला. विष आत, कातडीच्या खाली टोचलेलं असतं; वरून चुना लावला काय आणि लिंबू पिळलं काय, त्याला पत्ताही लागत नाही. मग त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं, श्वास अडकल्यासारखा वाटतो का, ओठ-जीभ सुजली का, अंगभर पित्त उठलं का? नव्हतं. असतं तर ती थट्टेची गोष्ट राहिली नसती. काहींना एकच डंख भारी पडतो, आणि खूप डंख कुणालाही भारी पडतात. तेव्हा चुना शोधायचा नसतो, गाडी शोधायची असते.

काटा काढला का, असं मी विचारलं. डॉक्टर हसले. काटा मधमाशीचा अडकतो. त्याला उलटे दाते असतात, त्यामुळे ती एकदा डसते आणि जिवाला मुकते. गांधीलमाशीची सुई तशी अडकत नाही. ती टोचते, काढून घेते, पुन्हा टोचते. दवाखान्यात एक सुई एकाच माणसाला, एकदाच. गांधीलमाशीपर्यंत तो नियम पोचलेला नाही. आणि ही सुई असते फक्त मादीकडे. नर निःशस्त्र असतो. ही माहिती मी घरी सांगितली तेव्हा कुणालाही आश्चर्य वाटलं नाही.

चावलेला माणूस दोनपैकी एक होतो, भित्रा किंवा अभ्यासू. मी दोन्ही झालो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर यांनी आपल्या घरादारांत दिसणाऱ्या याच तांबूस गांधीलमाशीवर सारी हयात अभ्यास केला. तिच्यावर त्यांचं इंग्रजीत जाडजूड पुस्तक आहे, 2001 सालचं. त्यांच्या संशोधनातून कळलेली एक गोष्ट मला अजून सोडत नाही. या माशांची राणी अगदी गरीब असते. कुणावर धावून जात नाही, कुणाला ढुशी देत नाही, कामं वाटून देत नाही. पण राणीला काढून घेतलं की थोड्याच वेळात एक कामकरी माशी अशी काही पेटते की विचारू नका. दिसेल तिला ढकलते, चावते, पळवते. ही होणारी राणी. गंमत म्हणजे आधी कितीही निरखून पाहिलं तरी पुढची कोण हे आपल्याला ओळखता येत नाही, पण पोळ्यातल्या बाकीच्यांना ते ठाऊक असतं असं दिसतं. कुणी हरकत घेत नाही. आठवडाभरात ती अंडी घालू लागते आणि तीही गरीब होते.

हे वाचल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. साहेब रजेवर गेले की पदभार घेणारा प्रभारी माणूस मला आठवत होता. पहिल्या दिवशी हजेरीपुस्तक टेबलावर ओढून घेणारा. दुसऱ्या दिवशी चहाची वेळ ठरवून देणारा. पुढे तो कायम झाला आणि किती मवाळ झाला! आम्ही त्याला उगाच नावं ठेवत होतो. तो निसर्गनियम होता.

ज्ञान झालं तरी शौर्य जात नाही. त्या पावसाळ्यात सपरीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, बरोबर खुर्चीच्या डोक्यावर, नवीन पोळं धरलं. माशी दाराच्या जुन्या सागवानी चौकटीवर बसायची, लाकूड खरवडायची, थुंकीत कालवायची आणि त्याचा कागद करून वर नेऊन लावायची. रेओम्यूर नावाच्या फ्रेंच विद्वानाने 1719 साली हेच पाहून तिथल्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं होतं, की अरे, चिंध्या गोळा करत काय बसता, लाकडाचाही कागद होतो! आपल्या बल्लारपूरला बांबूचा कागद निघाला तो पार विसाव्या शतकात. म्हणजे आमच्या सपरीत जो कारखाना चालू होता तो सगळ्यांच्या आधीचा. कच्चा माल माझ्या चौकटीचा, एवढंच.

मी तो कारखाना जाळायचा ठरवला. रात्री त्या उडत नाहीत, पोळ्यावर गप बसून असतात. तयारी जय्यत केली. अंगात रोवणीचा रेनकोट, डोक्याला हेल्मेट, हातात हिवाळ्याचे मोजे, बांबूच्या टोकाला राकेलात भिजवलेलं फडकं. आई खाटेवरून म्हणाली, "बाबू, वर बांबू, त्याच्यावर कवेलू. तू माशी जाळतेस का घर?" मी उत्तर दिलं नाही. हेल्मेटची काच श्वासाने धुरकटली होती आणि मला आई नेमकी कुठे आहे हेच दिसत नव्हतं. काडी ओढायच्या आधी मी वाट चाचपत अंगणात आलो. तिथे काकाजींचं कुत्रं झोपलेलं होतं. दहा वर्षं माझ्या हातची पोळी खाल्लेलं कुत्रं. पण रात्री अकराला, रेनकोटातला, डोकं फुगलेला माणूस हातात बांबू घेऊन येतो, तेव्हा कोणत्याही इमानी कुत्र्याने जे करावं तेच त्याने केलं.

गांधीलमाशी एकही चावली नाही. पोटरीला हेल्मेट नसतं. पुढे इंजेक्शनांचा सगळा कोर्स घेतला. दर खेपेला दवाखान्यात विचारायचे, "गांधीलमाशीवाले तुम्हीच का?"

आमच्याकडे दुसरी एक आहे, कुंभारीण. काळी-पिवळी, कंबर म्हणजे नुसता धागा. हिचं आमच्याशी भांडण नाही. तिला फक्त भोकं हवी असतात. चिखलाचे गोळे आणते आणि भोक बुजवते. थ्री-पिनची तिन्ही भोकं बुजवली, मोटरच्या पाईपचं तोंड बुजवलं, भिंतीला लटकवलेल्या बासरीचं एक भोक बुजवलं. (बासरी साळ्याची आहे. कुणी तक्रार केली नाही.) गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे, तिथे वैमानिक शिकतात. विमानाचा वेग मोजणारी एक बारीक नळी असते, उभ्या विमानात तिच्यावर लाल फीत लावलेलं झाकण घालतात. का, तर अशा माश्या त्यातही घर करतात. हे ऐकल्यावर मी थ्री-पिनबद्दल तिला माफ केलं.

शिवाय ती गुरू आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात दत्तात्रेयांनी जे चोवीस गुरू सांगितले त्यांतला शेवटचा हाच. कुंभारीण अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीने तिचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता तीच होऊन बाहेर पडते. आईने ही गोष्ट मला कितीदा तरी सांगितली आहे. एकदा मी तसलं एक मातीचं घर फोडलं. आत ध्यान करणारी अळी नव्हती, आठ-दहा कोळी होते; मेलेले नाहीत, लुळे पडलेले. आणि त्यांच्यात एक पांढरी, गुबगुबीत, कुंभारणीची स्वतःची अळी, जेवत बसलेली. कुणी कोळी खातं, कुणी अळ्या, पण बाहेर येते ती आतल्याला खाऊनच. आईला मी हे सांगितलं नाही. एवढ्या वर्षांच्या दृष्टांताचं काय करायचं?

त्याच खरिपात बांधीत खोडकिडा दिसला आणि मला ट्रायकोकार्ड लावायला सांगितलं. पोस्टकार्डासारखा पुठ्ठा, त्यावर बारीक खसखस चिकटवल्यासारखी हजारो अंडी. त्यातून डोळ्याला धड न दिसणारे किडे निघतात आणि खोडकिड्याच्या अंड्यात आपली अंडी घालतात. कार्डाचे तुकडे मी धानाच्या पानांखाली टाचत फिरलो आणि धुऱ्यावर येऊन विचारलं, हे किडे कोणत्या जातीचे? उत्तर मिळालं, "गांधीलमाशीच्याच गोतातले जी." घरी एकीला जाळायला निघालो होतो आणि शेतात तिच्या बारक्या चुलतबहिणींसाठी गुडघाभर चिखलात उभा होतो.

पोळं वाढत राहिलं. मग दिवाळीच्या सुमारास एका दुपारी ती आली, तिसरी. अंगठ्याएवढी, काळी, पोटावर पिवळा पट्टा. घरघर ऐकू आली तेव्हा मला वाटलं रस्त्याने ट्रॅक्टर चालला. ती सरळ पोळ्यावर उतरली. माझ्यावर तुटून पडणाऱ्या त्या सगळ्या शूर बाया एका क्षणात उठल्या आणि कपडे वाळत घालायच्या तारेवर जाऊन बसल्या. एकीनेही डंख उगारला नाही. ती एकेका घरात तोंड घालून पांढऱ्या अळ्या ओढत होती, चावून गोळा करत होती, घेऊन जात होती, परत येत होती. त्या तारेवरून बघत होत्या. कर्जवसुलीवाले घरातली भांडी काढतात तेव्हा घरची माणसं अशीच अंगणात उभी राहतात.

तिसऱ्या खेपेला मी झाडू घेऊन उठलो. कुणाच्या बाजूने उठलो हे मलाही कळलं नाही. झाडू फिरवला, मोठी निघून गेली, आणि तारेवरच्या एकीने येऊन माझ्या मनगटावर डंख मारला. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. अंधारात, रेनकोटात मी कुत्र्यालासुद्धा नीट दिसलो नव्हतो.

आठवड्याने त्यांनी वीतभर सरकून नवीन देठ लावला. अजून तिथेच आहेत. साळा पायावरून रुसला होता, तोही आता येतो, पण कूलरला हात लावत नाही. मीही मार्चमध्ये आधी लांबून काठीने कूलर ठोकतो, मग दहा मिनिटं घरात जाऊन बसतो.

तर कधी आमच्या गावी आलात, घर शोधून काढलंत, आणि मी सपरीत बसा म्हणालो, तर तिथे दोन खुर्च्या दिसतील. तुम्ही वेस्टला बसा. ईस्टला त्या आहेत.