टीएमसीच्या पोटातला आकडा

अहो वहिनी, ऐकलंत का? या, कुंपणाजवळ या जरा, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. काल गिरणीत काय रंगलं म्हणून सांगू! आपले सोसायटीचे चेअरमन नेहमीसारखे सुरू, "उजनी शंभर टक्के! एकशे सतरा टीएमसी!" थाट असा, की धरण यांनीच कळशीनं भरलंय. तर आमच्या जाऊबाईंची धाकटी, दहावीतली हो, पटकन म्हणाली, "काका, एक टीएमसी म्हणजे लिटर किती?"

झालं! चेअरमननी गिरणीवाल्याकडं बघितलं, गिरणीवाल्यानं दळणाकडं. "लय असतंय," म्हणाले.

पोरीनं खडू घेतला नि पत्र्याच्या डब्यावर मांडलंच. हजार फूट लांब, हजार फूट रुंद, हजार फूट उंच टाकी, म्हणजे एक टीएमसी. फुटाचे 30.48 सेंटीमीटर, आणि चहूबाजूंनी दहा सेंटीमीटरची डबी म्हणजे लिटर. मग टाकीच्या एकेका बाजूला डब्या बसल्या 3048. त्याला 3048 नं गुणा, परत 3048 नं गुणा. 28,31,68,46,592 लिटर! अंदाजे नाही, पॉइंट नाही, चक्क पूर्ण घन. आणि पुढं तर... अहो, सगळे अंक मिळवा, 54 येतात. त्या 54 नं एवढ्या अगडबंब आकड्याला भाग घातला, तर बाकी शून्य!

अशा संख्येला कापरेकर गुरुजींनी हर्षद नाव दिलंय. देवळालीचे हो ते, 6174 वाले! शाळामास्तर म्हणून मोठमोठे गणिती नाकं मुरडायचे. 1975 साली, इकडं आपल्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा, तिकडं मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं. आता मुरडा म्हणावं नाकं!

तर काय सांगत होते... हां, चेअरमन. "योगायोग असंल," म्हणाले. पोरगी ऐकते होय? "3048 ला तीननं भाग जातो. घन केला की 27 नं जाणार. वर संख्या सम, म्हणजे सत्तावीस दुणे चोपन्न, भाग जाणारच. अंकांची बेरीजही नवाच्या पटीतच येणार. ती नेमकी 54 आली, एवढाच काय तो योगायोग." आणि गंमत बघा, खुद्द 3048 हर्षद नाही! बेरीज 15, भाग घातला की तीन उरतात. आईबाप साधे नि लेकरू गुणाचं निघावं, तसंच की हे.

मग गिरणीवाल्यालाही जोर चढला. "एकशे सतराचं बघ की गं!" वरचे पॉइंट सोडून तिनं ठोक 117 नं गुणलं. 33,13,07,10,51,264. बेरीज 36, आणि 36 नं भाग जातो! चेअरमनची कळी अशी खुलली, जणू आकडा त्यांच्याच घरचा. तेवढ्यात कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या, "त्यातले 63 तर मृतसाठ्याचे. कामाचं पाणी 53 च्या वरती थोडंसं. आणि उन्हाळ्यात उजनी वजा टक्क्यात जाते, तेव्हा कुठं असतो तुमचा हर्ष?"

चेहरा असा पडला म्हणता! दळण न घेताच गेले. मागनं मुलाला पाठवलं, तोही पिशवी विसरला.

आता गावभर तोच नाद. जो तो आपला गटनंबर, गाडीचा नंबर, फोन नंबर घेऊन बेरजा करतोय. आमच्या गटनंबराला भाग जातो हं, अगदी स्वच्छ. तुमच्या मळ्याचा पण कुणीतरी करून बघितला म्हणे... जाऊ द्या. तुम्हीच करून बघा, नि मी काही बोलले नाही हं!