पहिला नंबर कुणाच्या महालक्ष्मीचा?

ऐकलं का बाई? महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर यायच्या तेव्हा येतील. आरास स्पर्धेचे परीक्षक कोण येणार, याचा पत्ता परभणीत श्रावणातच लागलाय! पूर्वी आपल्याकडं विचारायचे, "तुमच्या उभ्या की बसत्या?" आता पहिला प्रश्न, "थीम काय?"

आणि उत्तर मिळेल तर शपथ! सख्ख्या जावेला सांगत नाहीत. गांधी पार्कच्या बाजारातून सोनेरी लेस आणायची तर काळ्या पिशवीतून. आठ-आठ दिवस दिवाणखान्याचा पडदा ओढलेला, आलेल्या पाहुण्याला ओसरीतूनच चहा पाजून वाटेला लावायचं. एवढं जपून शेवटी उघडं काय पडतं? सगळ्यांचं तेच! २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान चंद्रावर उतरलं आणि महिना उलटायच्या आत ज्येष्ठा-कनिष्ठांच्या मधोमध येऊन उभं राहिलं. पुढच्या वर्षी घरोघर अयोध्या. बाळं बिचारी रॉकेटच्या आड दिसेनाशी झाली, त्याचं कुणाला काही नाही.

२०१८ ला सरकारनं थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा वाटलं, आता तरी हे खूळ उतरेल. कशाचं काय! पुठ्ठा आला, बांबू आला, शेतातला कडबा थेट देवघरात आला आणि 'पर्यावरणपूरक' म्हणून बक्षिसाचा आणखी एक गट निघाला. आपल्या कृषी विद्यापीठानं केवडा रोगाला दाद न देणारी 'परभणी क्रांती' भेंडी काढली. या स्पर्धेच्या रोगाला दाद न देणारी गृहिणी मात्र अजून कुणाला काढता आली नाही.

आता बक्षिसाचं ऐका. २००४ पासून टीव्हीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि पैठणीशिवाय बक्षीस म्हणजे बक्षीसच नव्हे, असं ठरून गेलं. गोदावरी पैठणहून पाथरी-गंगाखेडला फुकट येते. पैठणी यायला पहिला नंबर लागतो. तीही सेमी! आरास मांडायला गेलेला पैसा काढला, तर तशा दोन घेऊन वर ब्लाउज शिवून होईल. दुसरीला मिक्सर, तिसरीला डबे, उरलेल्या सगळ्या उत्तेजनार्थ. बनी तो बनी, नहीं तो परभणी! प्रमाणपत्रावर स्पर्धा भरवणाऱ्या इच्छुक उमेदवाराचा फोटो वीतभर आणि विजेतीचं नाव बॉलपेननं, ठिपक्यांच्या रेघेवर, तेही आडनाव चुकवून. तरी त्याला लॅमिनेशन होतं आणि ते लागतं कुठं? सासऱ्यांच्या फोटोशेजारी!

हसायचं तेवढं हसा. पण त्या कागदापायी बाया रात्र-रात्र जागतात काहून, तेही बघा. फुलोऱ्याची करंजी कधी जवळून पाहिलीय? कडेची मुरड दोन बोटांत धरून अशी घालायची, की प्रत्येक पीळ सारखा बसला पाहिजे आणि तेलात एकही सुटता कामा नये. सोबत वेणी-फणी, करंडा, पापड्या. वर्षानुवर्षं ही कला माळेत टांगली जाते आणि तिसऱ्या दिवशी वाटून खाल्ली जाते. घरातलं कुणी म्हणत नाही, "मुरड छान पडली." म्हणतात, "सारण जरा कमी झालं." मग एखादी परकी बाई येते, चष्मा वर सरकवून माळेपाशी वाकते आणि विचारते, "ही कुणी केली?" सासूला सगळ्यांदेखत सुनेकडं बोट दाखवावं लागतं. पैठणी राहिली बाजूला. खरं बक्षीस तेवढंच.

पण माय, असं वाकून बघणारं आता आहे कोण? हल्ली एका मिनिटाचा व्हिडिओ मागवतात. त्यात लायटिंग दिसतं, चंद्रयान दिसतं, मागं लावलेलं गाणं ऐकू येतं. मुरड दिसत नाही. मग जे दिसतं तेच बाया करतात, त्यांचा काय दोष? बघणाऱ्याची नजर जेवढी, तेवढीच त्यानं दिलेल्या नंबराची किंमत.

म्हणून आमच्या गल्लीनं ठरवलंय: यंदा परीक्षकाला दारातच लाटी आणि सारण द्यायचं. एक करंजी मुरडून दाखवा, मग खुशाल आत या. जमली नाही तर आंबील घ्या, पुरणपोळी खा, हळदी-कुंकू लावून सुखानं जा. नंबर आमचे आम्ही लावू. भांडायला वर्ष पडलंय!