खांदेमळणी

कर्मचाऱ्यांचा उत्साह कसा टिकवावा, या काळजीनं आपल्याकडच्या साहेबलोकांची झोप उडाली आहे. झोप उडाली की ते रात्री अकराला ईमेल टाकतात आणि मग कर्मचाऱ्यांचीही उडते. याला म्हणतात टीम स्पिरिट.

हिंजवडीतल्या एका कंपनीत (नाव सांगत नाही, प्रत्येकाला आपलीच वाटेल) परवा 'बर्नआउट कसा टाळाल?' या विषयावर वेबिनार झाला. शनिवारी सकाळी साडेआठला. आठवड्याच्या कामाचा खोळंबा व्हायला नको ना! कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं, हजेरी एचआरकडे. समुपदेशक बाई म्हणाल्या, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. सगळ्यांनी मिटले. तेवढ्यात मॅनेजरचा मेसेज आला, "सेशन झालं की ती शीट टाक रे, क्लायंट थांबलाय." निम्म्या टीमनं श्वास रोखून एक डोळा उघडला. शेवटी फीडबॅक फॉर्म आला. तोही आजच भरायचा होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याचं मूळ कामाच्या ठिकाणच्या, नीट न आवरलेल्या ताणात असल्याचं म्हटलं. आपल्या एचआरनं ही व्याख्या वाचलेली दिसत नाही. इथं ताण ऑफिसात तयार होतो आणि ध्यानधारणा मात्र कर्मचाऱ्यानं घरी, स्वतःच्या वेळात करायची.

वेळेचा विषय निघालाच आहे तर थोरामोठ्यांना विसरून चालणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना राष्ट्रउभारणीसाठी आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी बोली 90 वर नेली. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा प्रश्नही केला. बायकोचं मत कुणी विचारलं नाही. नव्वद तास म्हणजे सातही दिवस रोज जवळपास 13 तास. वाकडच्या पुलावर कोंडीत जाणारा वेळ यात धरलेला नाही. तो राष्ट्रउभारणीत मोडत नसावा.

ज्या रविवारावर हा डोळा आहे तो काही कुणी बक्षीस म्हणून दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीनं मागणी केली, की आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या आणि दुपारी जेवायला अर्धा तास तरी सोडा. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडला. त्या गिरणीमालकांचं एक बरं होतं. ते सरळ नाही म्हणायचे. "रविवार तुझाच आहे रे, फक्त एक छोटा कॉल घेऊ" असं म्हणण्याची हुशारी त्यांच्यात नव्हती.

आपल्या शेतकऱ्याला मात्र प्रेरणेचं तंत्र फार पूर्वीच उमगलेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाचे खांदे तुपा-हळदीनं मळतो, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी चारतो आणि त्या दिवशी जू खांद्यावर ठेवत नाही. कॉर्पोरेट पोळ्यात शिंगं रंगवली जातात, झूल म्हणून कंपनीचा टी-शर्ट मिळतो, पुरणपोळीच्या जागी पिझ्झा येतो. जू तेवढं काढायचं राहतं, डेडलाइन असते.

आता एखादा साहेब खरोखरच विचारेल, मग करू काय? तसे साहेब आहेत, मी पाहिलेत. त्यांची टीम दमलेली नसते आणि त्यांच्याकडं भिंतीवर प्रेरणेची पोस्टरंही नसतात. दोघं सोडून गेले तर त्यांचं काम ते तिसऱ्याच्या गळ्यात "तू तर आपला हुकमी एक्का!" म्हणत घालत नाहीत, नवी माणसं येईपर्यंत क्लायंटकडे तारीख वाढवून मागतात. सगळंच 'अर्जंट' म्हणत नाहीत, आज काय राहिलं तरी चालेल तेही सांगतात. चांगलं काम झालं की श्रेय नावानिशी देतात, तेही वरिष्ठांच्या देखत. आणि सहाला स्वतः बॅग उचलतात, म्हणजे बाकीच्यांनाही उठायला लाज वाटत नाही. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना बजेट लागत नाही. म्हणूनच बहुधा त्यांचं प्रेझेंटेशन होत नाही.

तर साहेब, पुढच्या वेबिनारची तारीख ठरवण्याआधी एवढं करा. तुमच्या इनबॉक्समध्ये दोन आठवडे पडून असलेला तो रजेचा अर्ज उघडा आणि मंजूर करा. कारण विचारू नका.