फोनच्या पोटात कोण कोण राहतं

नवा फोन घेताना आपण तीनच गोष्टी विचारतो: कॅमेरा कसा, बॅटरी किती टिकते आणि हप्ता किती. त्याच्या पोटात कोण कोण राहतं, याची चौकशी कुणी करत नाही. कान जवळ आला की पडदा विझवणारा सेन्सर समजू शकतो. पण हवेचा दाब मोजणारा कशाला? त्यावरून म्हणे आपण कितव्या मजल्यावर आहोत ते कळतं. आमच्या मालेगावात (नाशिकचं नव्हे, वाशिमचं) वरच्या मजल्यावर गच्चीच असते. तिथे वाळवण राखत बसलेल्याला आपण कुठे आहोत हे उन्हानेच कळतं. होकायंत्र चुकायला लागलं तर फोन हवेत इंग्रजी आठासारखा फिरवायचा. भर चौकात फिरवून पाहा, कुणीतरी लिंबू उतरवायला येईल.

फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानात शार्पने २०१२ साली किरणोत्सर्ग मोजणारा फोन काढला. त्यामागची भीती तरी समजते. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ मध्ये मात्र चक्क हवेतला दमटपणा मोजायची सोय होती. पुढच्या वर्षी एस५ आला, तेव्हा ती गायब! दमटपणाची कुणाला पडली आहे, असं वाटलं असावं. त्यांनी सोयाबीनच्या हंगामात आमच्याकडे एक चक्कर मारायला हवी होती.

इथे सगळं ओलाव्यावर अडतं. हमीभावाने विकायचं तर ओलावा बारा टक्क्यांच्या वर नको. २०२४ च्या हंगामात केंद्राने तो पंधरापर्यंत चालवून घेतला. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे मीटरमध्ये टाकतो आणि आकडा वाचून मान हलवतो. शेतकरी त्यातलाच एक दाणा दाताखाली फोडतो. ‘कट्’ वाजतं. “माल वाळेल हाय, तुमची मशीनच वली असंन!”

हवा मोजणाऱ्या सेन्सरला दाण्याच्या आतलं कळणार नाही, हे खरं. पण सेन्सरची कामं बदलतात. हालचाल टिपून पडदा आडवा-उभा करणाऱ्यालाच पुढे भूकंपाची राखण मिळाली. गूगलने ती सोय २०२३ मध्ये भारतात आणली. तेव्हा उद्या दाण्याचा ओलावा ओळखणारा फोनही येईल. भांडण मात्र मिटणार नाही. आकडा व्यापाऱ्याच्या फोनचा धरायचा की शेतकऱ्याच्या, यावर नव्याने सुरू होईल.