योद्धा घ्या, घडणावळ वेगळी

माणसाचा लांडगा झाला, तर जुन्या नियमांप्रमाणे तो साध्या तलवारीला दाद देत नाही. त्याला चांदीच लागते. हे वाचलं त्या क्षणी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाबद्दल माझा आदर वाढला, कारण त्या हिशेबानं जगातलं सर्वांत सुरक्षित गाव खामगाव ठरतं. लग्नाचं ताट-तांब्या, देवाचा मुखवटा, सुनेचे पैंजण, बारशाचा वाळा, सगळ्यासाठी लोक चांदी घ्यायला आमच्याकडे येतात. असा लांडगा सराफ्यातून नुसता चालत गेला तरी अर्ध्या रस्त्यात त्याला घाम फुटेल. अडचण एकच. चांदीची तलवार करून द्या म्हटलं की आमचा सराफ आधी विचारणार, "वजन किती धरू? अन् घडणावळ वेगळी राहीन बरं." तेवढ्या वेळात लांडग्यानं काय करायचं, याचा नियम पुस्तकात नाही.

ही पुस्तकं आमच्या घरात आणली भाचीनं. पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. दिवाळीला आली ती चकल्यांच्या डब्याच्या जागी फाशांची पिशवी घेऊन. चार पैलूंचे, आठांचे, बारांचे, विसांचे फासे. "मामा, मला खामगावचा खेळ बनवायचाय. एल्फ नको, किल्ले नको. आपला भाग. क्लास तुम्ही बनवा." क्लास म्हणजे पात्राचं कसब. योद्धा, जादूगार, पुजारी, चोर, ज्याला जे जमतं ते. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्याला जे जमत नाही ते. माझा जन्म जिनिंग-प्रेसिंगच्या हिशेबात गेला. कोणाच्या खात्यात काय टाकायचं आणि कोणाच्या खात्यातून काय काढायचं, एवढंच मला येतं. भाची म्हणाली, तेवढंच लागतं.

आधी मी या प्रकरणाचं मूळ पाहिलं. 1974 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि त्याचा साथीदार डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ बाहेर काढला. पहिल्या छपाईच्या हजार प्रती. गायगॅक्स आधी विमा कंपनीत होता. ती नोकरी गेल्यावर घरीच जोडे दुरुस्त करून संसार चालवायचा आणि उरलेल्या वेळात राक्षस मोजायचा. असा माणूस खामगावात असता, तर त्याच्या सासऱ्यानं किमान दोनदा बैठक बसवली असती.

सुरुवातीला क्लास तीनच होते: योद्धा, जादूगार आणि पुजारी. पुजाऱ्याचा जन्मही भक्तीतून झालेला नाही. आर्नेसनच्या खेळात एकाचं पात्र पिशाच्च होऊन सगळ्यांना डोईजड झालं, आणि त्याला आवरायला कोणीतरी हवं म्हणून पुजारी काढला. म्हणजे मांत्रिकाची नेमणूक झाली ती भूत लागल्यावर. पद्धत आपलीच.

पुढच्या वर्षी आला चोर, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. तोवर भिंतीवर कोणीही चढायचं, कोणीही दबक्या पावलांनी जायचं, खेळ चालवणारा मास्तर म्हणायचा, बरं, टाक फासा. चोराच्या पानावर 'भिंत चढणे, इतके टक्के' असं छापून आलं आणि बाकीच्या मंडळींना एका रात्रीत भिंत चढता येईनाशी झाली. नियमात तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण एकाच्या नावावर एखादं कसब चढलं की ते दुसऱ्यांच्या नावावरून उतरतं. मला हे लगेच पटलं. जमेची नोंद नावेशिवाय होत नाही. नवा क्लास काढायचा म्हणजे सगळ्यांच्या खिशातून थोडं थोडं काढून एकाच्या खिशात टाकायचं. आणि खामगावात कोणाच्या खिशात हात घालून पाहा.

पहिला क्लास मी काढला अडत्याचा. कापसाच्या बाजाराचं गाव आमचं. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला आणि जलंबपासून खामगावपर्यंतची रेल्वे सुरू करून गेला. एवढीशी लाइन, पण व्हाइसरॉय आला तो कापसासाठी. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदाच करावा लागला. त्या काळी भाव ठरायचे ते रुमालाखाली. व्यापारी आणि अडत्या रुमालाआड एकमेकांची बोटं दाबायचे आणि ज्याचा माल तो गाडीवर बसून आभाळाकडं पाहायचा. तेव्हा माझ्या अडत्याकडं शस्त्र नाही, चिलखत नाही. एक रुमाल आणि पाच बोटं. त्याखाली त्यानं राक्षसाशीही सौदा करावा. आणि नियम असा, की भाव करणं फक्त अडत्यालाच येईल.

हे मी जेवताना वाचून दाखवलं. आईनं वाढता वाढता पळी थांबवली.

"म्हंजे मले भाव करता येनार नाई?"

"खेळात, आई."

"लगीन होऊन आली तवापासून बाजारात मी भाव करून रायली. तुया बापाले तर येतच नव्हता. अन् आता हा रुमालवाला मले शिकोनार?"

भाचीनं समजावलं की आजी, तुला दुसरं काहीतरी मिळेल. आई म्हणाली, दुसरं तर घेईनच, पण हे कायले सोडू?

दुसरा क्लास लाइनमनचा. जादूगार म्हणून तो मला बिनतोड वाटला. आभाळातली वीज तारेत उतरवतो, खांबावर चढून मंत्र टाकतो. जुन्या नियमांतला पहिल्या पायरीचा जादूगार तसा दुबळाच असतो. जीव चार पैलूंच्या एका फाशाएवढा, मंत्र दिवसाला एक, आणि तो टाकला की दुसऱ्या दिवसापर्यंत विसरला. आमच्या लाइनमनचे मंत्र भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणं चालतील, असं मी लिहिलं, आणि डीपीला हात लावायचा अधिकार फक्त त्याला. यावर माझा मावसभाऊ भडकला. तो कोरडवाहू शेती करतो, सोयाबीन आणि कापूस. "फ्यूज टाकाले कोनाले बलावत बसू राजेहो? रात्री बारा वाजता लाइन येते. मी सोताच टाकतो." मी म्हटलं, अरे, जीव चार पैलूंचा आहे. तो म्हणाला, माह्या जिवाचे पैलू कोनी मोजले?

त्याच्यासाठी मी शेतकऱ्याचा क्लास काढला होता. सगळ्यांत दणकट, मार खाऊन उभा राहणारा. त्यानं पान वाचलं, वीस पैलूंचा फासा हातात घेऊन फिरवला आणि परत ठेवला. "हा आपुन टाकाचा काय? मंग हा माहा क्लास नाई. माहा फासा जूनमदी वरून पडते." त्यानं मी काढलेला सराफाचा क्लास घेतला. शेजारचे सराफकाका मात्र शेतकरी झाले, आणि पहिल्याच प्रश्नाला म्हणाले की सातबारावर नाव चढलं काय ते आधी दाखवा.

पुजाऱ्याच्या जागी मात्र मला दोन-दोन पर्याय सापडले, आणि दोन्ही या भागाशिवाय कुठं मिळणार नाहीत. एक शेगावचा सेवाधारी. शेगाव आमच्या हाकेच्या अंतरावर. तिथल्या मंदिरातली शिस्त ज्यानं पाहिली त्याला माझं म्हणणं पटेल. सेवाधाऱ्याकडं काठी नसते, आवाज चढत नाही. तो हात जोडतो आणि म्हणतो, "माउली, रांगेत या." आणि माणूस येतो. मी नियम लिहिला: हे वाक्य ऐकल्यावर राक्षसांची कितीही मोठी टोळी असो, तिनं एकेरी रांग धरलीच पाहिजे, आणि चपला बाहेर काढल्याच पाहिजेत. भाचीनं गणित मांडून सांगितलं की मामा, हा क्लास फार ताकदवान होतोय, तोल जाईल. मी म्हटलं, प्रत्यक्षात तसाच आहे, मी काय करू.

दुसरा मोठ्या देवीचा भक्त. बाकीच्या महाराष्ट्रातली देवी दसऱ्याला उठते. खामगावची मोठी देवी बसते कोजागिरीला. इतर गावांच्या भक्तांचा जोर ओसरून ते घरी झोपा काढत असतात, तेव्हा आमच्या भक्ताला चढती कळा लागते. म्हणून या क्लासची ताकद पंचांग पाहून ठरते. भाचीला ही कल्पना फार आवडली. तिच्या पुण्याच्या मैत्रिणीनं फोनवर विचारलं, की मग नवरात्रात हा भक्त काय करतो? भाची म्हणाली, वर्गणी गोळा करतो.

ज्योतिषाचं काम मी भेंडवळला सोपवलं. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. अक्षय्य तृतीयेला तिथं शेतात घट मांडतात. भोवती अठरा प्रकारचं धान्य, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, पानविडा. रात्री तिकडं कोणी फिरकत नाही. पहाटे येऊन कुठला दाणा सरकला, कुठलं ढेकूळ भिजलं ते पाहून पीकपाण्यापासून राजाच्या गादीपर्यंत सगळं सांगतात. ते ऐकायला चार जिल्ह्यांतून माणसं जमतात आणि ऐकून झाल्यावर पुन्हा तेच बी पेरतात जे आधीच आणून ठेवलेलं असतं. या क्लासची शक्ती मी अशी ठेवली: वर्षातून एकदा, तीही अक्षय्य तृतीयेला, खेळाडूनं एक भाकीत करावं आणि त्यात 'साधारण' किंवा 'मोघम' यांपैकी एक शब्द वापरावा. असं भाकीत कोणताच मास्तर खोटं पाडू शकत नाही. सगळ्या क्लासांत मला स्वतःला सर्वांत पक्का वाटतो तो हाच.

चोराऐवजी आम्ही बहुरूपी घेतला. फौजदाराच्या वेषात दारात येऊन घरातल्या कर्त्या माणसाला अटक करतो आणि शेवटी स्वतःच वेष सांगून बिदागी मागतो. इतका प्रामाणिक चोर पाश्चात्त्यांना सुचला नसता.

एवढं होईपर्यंत शेजारचे गुरुजी येऊन बसले होते. निवृत्त झाल्यापासून ते कुठल्याही घरात, कुठल्याही विषयात बसतात. त्यांनी भाचीचं मूळ पुस्तक चाळलं, 2014 ची आवृत्ती, आणि बोटांवर क्लास मोजले. बारा.

"अरे, हे तर बलुतेदार!"

गायगॅक्सच्या वारसांनी त्र्यंबक नारायण आत्र्यांचा 1915 चा 'गावगाडा' वाचला असेल असं मला वाटत नाही, पण आकडा जुळला खरा. गुरुजींनी मग एकेक नाव जुळवायला घेतलं. पुजारी म्हणजे गुरव. गाणारा बार्ड म्हणजे गोंधळी, तो बलुत्यात नाही, अलुत्यात घाला. पण पुढं त्यांची गाडी अडली. "यात लोहार कुठं आहे? सुतार? कुंभार? बारा जण तलवारी घेऊन निघाले, त्या तलवारी केल्या कोणी? वहाण तुटली तर शिवतं कोण?" मी सांगितलं की खेळ काढणारा माणूस स्वतःच जोडे शिवायचा. गुरुजी म्हणाले, "आणि तरी चांभाराचं पान त्यानं घातलं नाही?"

त्यावर भाचीनं 1974 चे नियम सांगितले. त्यात क्लासच्या आधी तुमचा वंश ठरायचा. माणूस असलात तर काहीही व्हा, कितीही चढा. बुटक्यांच्या वंशात जन्मलात, तर फक्त योद्धा, आणि तोही सहाव्या पायरीपर्यंत. पुढं कितीही पराक्रम करा, पायरी बंद.

गुरुजींनी चष्मा काढला. "मग?"

"मग 2000 सालच्या आवृत्तीत ते काढून टाकलं. आता कोणीही काहीही होऊ शकतं."

"सव्वीस वर्षांत सुटले?" गुरुजी म्हणाले. "फारच लवकर सुटले बा." आणि थोड्या वेळानं, "खेळात ना?"

"खेळात."

त्यांनी बहुरूप्याचा क्लास मागून घेतला.

भाऊबीजेच्या रात्री ओसरीवर पहिला डाव मांडला. भाची मास्तर. अडत्या मी. आईला सगळी पानं वाचून दाखवली, तिनं योद्धा घेतला, कारण त्याच्या पानावर मजकूर सर्वांत कमी होता. जलंबच्या फलाटावर खामगावच्या गाडीची वाट पाहताना राक्षस भेटतो, अशी सुरुवात. वाट पाहण्याचा भाग सगळ्यांनी कसलेल्या नटांसारखा वठवला. मग राक्षस आला. फलाटाच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, पुढं जायचं तर शंभर मोहरा.

सेवाधारी कोणी घेतला नव्हता. सराफ झालेला मावसभाऊ मोहरा कसाला लावून पाहायला लागला. शेतकरी झालेले सराफकाका म्हणाले, हंगाम आल्यावर देऊ. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. याच क्षणासाठी मी तो क्लास घडवला होता. मी खिशातून रुमाल काढला, भाचीच्या हातावर टाकला, त्याखालून तिची दोन बोटं दाबली आणि फासा टाकला. एक पडला.

"राक्षसानं रुमाल ठेवून घेतला," भाची म्हणाली. "आणि आता तो म्हणतो, दीडशे."

"पन्नास," आई म्हणाली.

"आजी, तुला भाव करता येत नाही. तू योद्धा आहेस."

"भाव कोन करून रायलं? मी त्याले सांगून रायली. पन्नास घे म्हना, नाई तं जा म्हना, पुढच्या फलाटावर दुसरा राक्षस उभा हाय."

भाची पुस्तक चाळायला लागली. मी लिहिलेल्या पानांवर भाव करण्याबद्दल सगळं होतं, सांगण्याबद्दल एक ओळ नव्हती. आई तोवर उठून पिशवीत सामान भरल्याचा आविर्भाव करत दारापर्यंत पोचली होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"आजी, थांब," भाची म्हणाली. "राक्षस म्हणतो, सत्तर."

"साठ. अन् रुमाल वापस."