ऑसिलेटर तापेपर्यंत

अ‍ॅनालॉगवाले पुण्यात अजून मोजकेच आहेत, पण त्यांतला एक भेटला की संध्याकाळ गेली म्हणून समजा. कोथरूडच्या दोन खोल्यांपैकी एकीत तो, बायको आणि मुलगी राहतात. दुसरीत सिंथेसायझर राहतात.

यंत्र लावलं की लगेच वाजवायचं नसतं. आतले ट्रान्झिस्टर तापेपर्यंत ऑसिलेटरचा सूर घसरत राहतो. तोवर पंखा बंद, खिडकी बंद. मे महिन्यात ऑसिलेटरच्या आधी पाहुणे तापतात. तंबोरे जुळवण्यात अर्धी मैफल घालवणारे बुवा आपण पाहिलेत. पण त्यांच्याकडे उरलेली अर्धी तरी असायची.

मिनीमूगवर त्याचा फार जीव. 1970 सालचं हे वाण. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी सूर निघणार एकच. "माझ्या पेटीवर दोन्ही वाजतात की," शेजारच्या काकू म्हणाल्या. तो दयेनं हसला. या यंत्राला स्मरणशक्तीही नाही. जमलेला आवाज जपायचा तर प्रत्येक नॉबची जागा कागदावर टिपून ठेवायची. अशाच एका कागदामागे बायकोनं किराणा लिहिला. रचना गेली, तूरडाळ आली.

जपानी यंत्रांना 100 व्होल्ट लागतात, आपली भिंत देते 230. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर. तो 100 हर्ट्झवर गुणगुणतो. मागच्या रचनेत तोच षड्ज होता.

"हे परदेशी फॅड" एवढं म्हणा, की इतिहास सुरू. 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग आणून बसवला होता! 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंगांनी रोलंडच्या टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8 वर दहा राग वाजवले! तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. 2010 मध्ये त्या रागांची तबकडी पुन्हा निघाली आणि परदेशी समीक्षकांना तिच्यात अ‍ॅसिड हाऊस या नृत्यसंगीताचं मूळ दिसलं. हे सगळं खरं आहे, आणि तबकडी सुरेखच आहे. फरक एवढाच, की चरणजित सिंगांनी ती पूर्ण केली.

तो 303 मुळात गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून काढलेला. खपेना, म्हणून 1984 मध्ये बंद पडला. आज त्या प्लास्टिकच्या डबीचा भाव सांगताना आमचा कलावंत आवाज खाली आणतो, कारण बायको स्वयंपाकघरात असते.

वर्षाकाठी एखादा कार्यक्रम होतो. रचनेचं नाव 'विद्युत्दाब, क्रमांक सात'. पहिले सहा कुणी ऐकलेले नाहीत. श्रोत्यांत निम्मे त्याच रोगाचे. ते त्याच्याकडे नाही, वायरींकडे बघत असतात. उरलेले नातेवाईक. रचना संपली कधी, हे ओळखायची काही सोय नाही. यंदा त्यानं वाकून एक वायर उपसली, तसा काकूंनी सुटकेनं टाळ्यांचा कडकडाट केला. सभागृहानंही साथ दिली. तो ओशाळून वर पाहत म्हणाला, "थांबा, अजून मध्यलय यायचीय."