येळवशीची भज्जी आणि पथ्याचे पाहुणे

व्हीगन जेवण म्हणजे ज्यात प्राण्यापासून आलेलं काहीच नाही असं जेवण. मांस, मासे, अंडी तर नाहीतच. शिवाय दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा आणि मधही नाही. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४४ साली या विचाराची संस्था काढली. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांचे नियम २०२२ साली केले आणि त्यांना वेगळं हिरवं चिन्ह दिलं. धाराशिव जिल्ह्यात हे चिन्ह अजून फारसं कुणी ओळखत नाही. इथला भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आणि जिल्ह्याचं नाव देशभर नेलं ते शेळीने. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. अशा मुलखात व्हीगन पाहुणा येतो तो बहुधा पुण्याहून आणि बहुधा वेळ अमावस्येला.

वेळ अमावस्या, बोलीत येळवस, ही मार्गशीर्षातली अमावस्या. धाराशिव, लातूर आणि लगतच्या सोलापूर व कर्नाटकाच्या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवार भरतं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करायची, चुना लावलेल्या पाच दगडांची पांडव म्हणून पूजा करायची आणि मग जेवायला बसायचं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर असा बेत. ज्याला शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावतात. त्यामुळे पंगतीला कोण येणार हे यजमानाच्या हाती नसतं, आणि कोण काय खात नाही हे त्याला उशिरा कळतं.

पुण्याचा पुतण्या : काकू, मी आता व्हीगन झालोय.

घरधनीण : झालास व्हय? लई ग्वाड बातमी दिलीस. पगार किती वाढला?

पुतण्या : तसं नाही काकू. मी दूध, तूप, ताक काहीच घेत नाही.

घरधनीण : आगं माय! डॉक्टरनं सांगितलं?

पुतण्या : नाही, मीच ठरवलं.

घरधनीण : चांगला धडधाकट असून? घरात कुणी बोललं का तुला?

पुतण्या : गायीचं दूध वासराचं असतं, काकू. आपण ते काढून घेतो.

घरधनी : आपली गाय गाभण हाय, बाळा. सध्या पिशवीचं दूध येतंय. आता त्या पिशवीचं वासरू कुठं हुडकू?

घरधनिणीला व्हीगन माणूस आजारी वाटतो आणि व्हीगन माणसाला घरधनीण अडाणी. दोघांनी येळवशीचं ताट एकदा नीट पाहिलं तर भांडणाचं कारण उरत नाही. उंडे म्हणजे बाजरीचं पीठ, मीठ, फार तर तीळ. भज्जी सगळी रानाची : तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, पालक, आंबट चुका, वांगं, गाजर, कांद्याची पात, आणि हे सगळं धरून ठेवायला बेसन. तिची आंबटशी चव चुक्याची आणि चिंचेची, दह्याची नव्हे. खीर गूळ-खोबऱ्यावर शिजते, दूध वाटीत घेतल्यावर पडतं. पोळीवरचं तूपही पानातच येतं. म्हणजे या ताटात दुभतं जनावर तीनच ठिकाणी शिरतं आणि त्यांपैकी दोन ठिकाणी अगदी शेवटी, वाढप्याच्या हाताने. तो हात आवरला की पोळी आणि खीर दोन्ही व्हीगन.

राहिलं आंबील. ज्वारीचं पीठ शिजवून त्यात ताक घालायचं, जिरं-लसूण लावायचा आणि गाडग्यात भरून शेतावर न्यायचं. ताकाशिवाय आंबील म्हटलं की जुनी माणसं ऐकूनच उठतात.

पुतण्या : ताकाऐवजी शेंगदाण्याचं दही घालू. दाणे भिजवायचे, वाटायचे, गाळून दूध काढायचं. ते उकळून कोमट झालं की हिरव्या मिरचीचे देठ टाकायचे. सकाळी दही तयार.

घरधनीण : देठाचं इरजण?

पुतण्या : देठावर जिवाणू असतात, काकू. तेच दही लावतात.

घरधनीण : म्हंजी वासराचं घ्यायचं न्हाई, पण जिवाणू राबवून घ्यायचे. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी न्हाई व्हय?

जैन शेजारी : आहोत की, वहिनी. आम्ही आहोत.

जैन शेजारी हा या पंगतीतला सर्वांत अनुभवी पथ्यकरी. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथेच सल्लेखना घेतली. आहाराचा इतका बारीक विचार जिथे शतकानुशतकं चालला, तिथे वॉटसनसाहेबांनी नवीन सांगावं असं थोडंच होतं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, ओलं आलं नको; मध नको; जेवण सूर्य मावळायच्या आत. व्हीगन मंडळी मधावर मोठी व्याख्यानं देतात, जैन घरात तो पूर्वापार वर्ज्य आहे. दुधाला मात्र जैनांची हरकत नाही आणि इथेच दोघांच्या वाटा फुटतात. पण आंबिलापाशी येऊन त्या पुन्हा मिळतात.

जैन शेजारी : वहिनी, ताकाचं आंबील मलाही नको.

घरधनीण : का वं भाऊजी? तुमी तर दूध पिता.

जैन शेजारी : दूध पितो. पण भज्जीत बेसन आहे. डाळीचा पदार्थ आणि कच्चं ताक एकत्र आलं की द्विदल होतं. ते आम्हाला चालत नाही.

पुतण्या : बघा काकू, मी काय म्हणत होतो! आता दाण्यांचं दहीच लावू.

जैन शेजारी : तेही नको. रात्रभर आंबवलेलं मी घेत नाही.

घरधनी : आन शेंगदाणा? त्यो तर जमिनीत पिकतो.

जैन शेजारी : पिकतो जमिनीत, पण ते मूळ नव्हे, शेंग आहे. वाळवून ठेवता येते. आमच्यात खातात.

घरधनी : म्हंजी तुमच्या शास्त्रालाबी शेंगदाणा सोडवला न्हाई.

यावर तोडगा सोपा आहे. ज्वारीचं पीठ त्याच दिवशी सकाळी शिजवायचं, गार झाल्यावर चिंचेचा कोळ आणि जिरेपूड घालायची, लसूण बाजूला ठेवायचा. चव ताकाच्या आंबिलाची येत नाही हे मान्य करावं. येते म्हणणारा माणूस व्हीगन तरी असतो किंवा शिष्टाचार पाळत असतो. पण दुपारच्या उन्हात गार आंबील म्हणून ते पोटात उतरतं, आणि दोन परस्परविरोधी पथ्यं एकाच गाडग्यात बसतात.

माळकरी मामांचा प्रश्न त्यामानाने लहान. मराठी घरांत चातुर्मासाच्या तोंडावर, आषाढातल्या कांदेनवमीला, कांदा-वांग्याला निरोप देतात आणि बऱ्याच घरांत चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने ते परत घेतात. येळवस चंपाषष्ठीनंतर येते, म्हणून भज्जीत वांगंही असतं आणि पातही. मामांचा हिशेब मात्र पंचांगाचा नसतो.

घरधनीण : मामा, चंपाषष्ठी झाली की. आता कांदा चालतो.

माळकरी मामा : लोकांना चालतो. मी तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढं शब्द दिलाय.

घरधनीण : कवा?

माळकरी मामा : कांदा ऐंशी रुपयं किलो झाला तवा.

आत्याबाईंचा मंगळवार. तुळजापूरच्या भवानीचा वार म्हणून त्या धरतात आणि अमावस्या नेमकी मंगळवारी आली तर ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, गहू सगळंच बाद होतं. म्हणजे येळवशीच्या ताटातलं फक्त ताट उरतं. त्यांच्यासाठी भगर आणि दाण्याची आमटी. ही जोडी तुपाऐवजी शेंगदाण्याच्या तेलात केली की आपोआप व्हीगन होते, बटाटा टाळला की शेजाऱ्यालाही चालते. उपवासाचं जेवण सर्वांना पुरतं असा शोध लागून घरधनीण समाधानाने भगर निवडायला बसते. तेवढ्यात पुतण्याची नवी बायको आत येते.

नवी सून : काकू, सांगायचं राहिलं. मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.

घरधनीण : म्हंजी आवडत न्हाई?

नवी सून : खाल्ला तर घसा सुजतो. एकदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

आत्याबाई : अगं बया! मग तुझ्या माहेरी भाजीत घालतात काय?

या प्रश्नाला हसणाऱ्याने धाराशिवचं एखादं स्वयंपाकघर उघडून पाहावं. चटणी शेंगदाण्याची, भाजीत कूट शेंगदाण्याचं, पोळीत सारण शेंगदाण्याचं, आमटी शेंगदाण्याची आणि हे सगळं तळायला किंवा फोडणीला तेलही पुष्कळदा त्याचंच. भज्जीतही आदल्या रात्री भिजवलेले दाणे पडतात. इथे शेंगदाणा वगळणं हे तूप वगळण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आणि नेमकं हेच पथ्य असं आहे की ज्यात तडजोड नाही. व्हीगनाच्या पानात चुकून तुपाचा थेंब पडला तर मन दुखावतं, सुनेच्या पानात चिमूटभर कूट पडलं तर श्वास अडकू शकतो. म्हणून पाहुण्यांचा क्रम लावताना आधी जिवाचं पथ्य, मग व्रताचं, मग मताचं. प्रत्यक्षात उलटं होतं. मताचं पथ्य असलेला सर्वांत मोठ्याने बोलतो, व्रतवाला आडवळणाने सुचवतो, आणि जिवाचं पथ्य असलेली सून चहाच्या कपबशा विसळताना हळूच सांगते.

तिच्यासाठी भांडं वेगळं, पळी वेगळी, तेल करडईचं. तिची भज्जी सर्वांत आधी, इतर काही चुलीवर चढायच्या आत. ज्या खलबत्त्यात कूट झालं तो धुतला तरी तिच्या चटणीला घ्यायचा नाही. चटणी कारळाची किंवा जवसाची. या दोन्ही चटण्या या भागात पूर्वीपासून आहेत. शेंगदाण्याने त्यांना फळीवर मागे ढकललं इतकंच.

घरधनीण : वन्सं, तुमी भगर-आमटी घेऊन कोपीच्या पल्याड बसा.

आत्याबाई : म्या? उपासाच्या बाईला पल्याड?

घरधनीण : तुमच्या आमटीला पल्याड बसवतेय. तुमी तिच्यासंगं जा.

गोडाचा विषय शेवटी निघतो, कारण मधुमेही काका तोवर गप्प असतात. ‘मला साखर अजिबात नको’ असं सांगून ते गुळाची खीर दोनदा घेतात. त्यांना थांबवण्याची कृती कोणत्याही पाकपुस्तकात नाही. साखरेबद्दल खरी शंका पुतण्याला असते.

पुतण्या : काकू, ही साखर व्हीगन आहे का? परदेशात काही ठिकाणी ती पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरतात.

घरधनी : साखरेचं मला इचार. कारखान्याला ऊस माझाच जातो. रसात चुना टाकत्यात, गंधकाचा धूर देत्यात. हाडं न्हाईत.

पुतण्या : नक्की?

घरधनी : हाडं झिजत्यात ती ऊस तोडणाऱ्याची. आन बिलाची वाट बघणाऱ्याची.

घरधन्याचं रसायनशास्त्र बरोबर आहे. महाराष्ट्रातले साखर कारखाने सर्वसाधारणपणे चुना आणि गंधक वापरूनच रस साफ करतात. गुऱ्हाळात गुळाची मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. तेव्हा खीर निर्धोक. तिच्यावर दूध घ्यायचं की नाही हे ज्याने त्याने पानावर बसल्यावर ठरवावं, आणि शेजारच्याच्या वाटीत डोकावू नये.

इतकं झाल्यावर स्वयंपाकाची मांडणी अशी होते. पहिलं भांडं सुनेचं. दुसऱ्या, मोठ्या पातेल्यात सर्वांची भज्जी : कांद्याची पात, गाजर आणि लसूण न घालता, हिंग-जिऱ्यावर, चुका-चिंचेत. शेजारी वांगंही घेत नसतील तर ते विचारून मगच टाकावं. लसणाची फोडणी कढल्यात वेगळी, ज्याला हवी त्याच्या भज्जीवर वरून. तूप, ताक आणि दूध पंगतीच्या एका टोकाला. भगरीला मात्र वेगळी चूल लागतेच. काम वाढतं ते एवढंच. यजमानाने याहून जास्त धावपळ केली तर ती पाहुण्यांसाठी नसून पाहुण्यांनी गावभर सांगावं यासाठी असते.

घरधनी : सगळ्यांचं जमवलंस. माझं काय?

घरधनीण : तुमचं काय पथ्य?

घरधनी : मटणाबिगर जेवण उतरत न्हाई.

घरधनीण : येळवशीला? पांडवांपुढं म्हणून दावा.

पाहुण्यांनी एक गोष्ट करावी. जे पथ्य असेल ते आदल्या दिवशीच, भज्जीचे शेंगदाणे भिजत पडायच्या आत, फोन करून कळवावं.